वाकलेली करवत

खंडेनवमीला सुतारकामाची हत्यारं पुसून पाटावर मांडली, तेव्हा करवतीच्या पात्याला बाक दिसला. रेणापुरातच राहणाऱ्या चुलतभावानं ती ओली बाभूळ कापायला नेली होती आणि गुपचूप आणून खुंटीला अडकवली होती. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं. वाकड्या करवतीलाच हळदकुंकू वाहिलं.

दसरा झाल्यावर पातं ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातानं ठोकत बसलो. इथला बाक काढावा तर तो चार बोटं पुढं सरकायचा. दुपारी एकदाचं सरळ झालं, तोवर माझी मान आखडली होती.

तेवढ्यात चुलतभाऊ दारात आला.

"दादा, करवत दे. निम्मी बाभूळ राहिली हाय."

दिली. त्याला न्हाई म्हणण्यापेक्षा पातं ठोकणं मला सोपं जातं.