टाक्यांवर बांधलेली ओटी

आमच्याकडे नसबंदीचं शिबिर थंडीत लागतं आणि कापूसही थंडीतच फुटतो. दोन्ही कामं बाईच्याच अंगावर येतात, हे कळायला मला केस पांढरे करावे लागले.

तेव्हा मी तीन लेकरांची आई होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. नर्सबाई दारव्ह्याहून आल्या त्या माझ्या नवऱ्याला समजवायला. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, त्याच दिवशी घरी, असं त्या सांगत होत्या. मी ह्यांना आधीच गोठ्यात कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगामागे बसवलं होतं.

"ते पांढरकवड्याले गेले. चार दिवस येत नाही," मी ठोकून दिलं.

"मंग त्यायची चप्पल काहून दारात हाय?"

"अनवाणी गेले."

तेवढ्यात कुटारामागे हे शिंकले. बाई हसल्या, मीही हसले. नवऱ्याची ताकद वाचवली म्हणून गावभर मिरवलं, बावळट कुठली! शिबिरात सतरंजीवर बायकांच्या रांगेत पडले, तेव्हाही डोक्यात हेच: ह्यांना वखर धरायचाय, माझं काय, मी तर नुसती वेचते.

नुसती वेचते! बाराव्या दिवशी ओटी बांधून वावरात उभी. ओटी म्हणजे वेचलेला कापूस टाकायला कमरेला बांधलेलं फडकं. दुपारपर्यंत ते भरून लोंबतं, नेमकं टाक्यांवर. मी गाठ वर नेली, पार छातीखाली, आणि एवढी अक्कल गावात कुणालाच नाही म्हणून खूश झाले. तरी एक टाका पिकलाच. हे म्हणाले, "तुले घाई कराले कोणी सांगतलं होतं?" खरं आहे, कोणीच सांगितलं नव्हतं. वेचायला दुसरं कोणी गेलंही नव्हतं.

यंदा सुनेची वेळ आली. दोन मुली बस्स, हे तिनंच ठरवलं. मी मनाशी ठरवलं की या खेपेला टेबलावर माझा लेक जाईल. शिबिराची नावं घ्यायला आलेल्या आशाताई दारात दिसल्या तसा तो मागच्या खोलीत सटकला. मी बोटानं खोली दाखवली.

"आत हाय. मोबाईल पाहून राह्यला. बोला त्याच्याशी."

"माय, तू बी ना!" आतून आवाज आला.

"काहून रे? तुह्या बापाले कुटारात लपा लागलं, तुले तर पलंग भेटला!"

आशाताई तोंड दाबून हसल्या. सून हसली नाही. हाताचं पीठ झटकत म्हणाली, "राहू द्या आई. त्यायले ट्रॅक्टर चालवा लागते, कमजोरी आली म्हंजे? माझं काय, मले तर वेचाचंच हाय."

तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खरं तर तिच्या नाही. त्या दुसरीच्या, जिनं कुटारामागे नवरा लपवला होता.

ऑपरेशन सुनेचंच झालं. टाके ओले असतानाच एका सकाळी तिनं खुंटीवरची ओटी काढली. मी ती हिसकावली आणि लेकाच्या कमरेला गुंडाळली.

"घे बांधून. यंदा तू वेच."

लेक हसला. नाती टाळ्या पिटत हसल्या. जन्मभर चेष्टा करत आलेल्या म्हातारीचं खरं कोण मानतं? त्यानं ओटी सोडून बायकोच्या हातात दिली आणि ट्रॅक्टर सुरू करायला गेला.

सुनेनं ती बांधली. गाठ वर नेली, पार छातीखाली. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं.