लहान सोडणारे साडू

कोवळ्या जिवाचा इतका कैवार घेणारा आणि त्या कैवारापायी घरच्यांना इतकी जून भाजी खाऊ घालणारा माणूस अख्ख्या आखातात शोधून सापडणार नाही, असं मी माझ्या साडूंबद्दल छातीठोकपणे सांगू शकतो. ते दुबईजवळ अजमानला, आमच्या घरापासून जवळच राहतात आणि एका कारखान्यात पाइपांची मापं तपासतात. तपासून तपासून त्यांची अशी गत झाली आहे की स्टीलची टेप खिशात नसेल तर त्यांना कपडे न घालता बाहेर पडल्यासारखं वाटतं. त्यात त्यांना मासे धरायचा नाद. शनिवार उजाडला की होडी आणि गळ. मात्र लहान मासा लागला की सोडायचा आणि मोठाच ठेवायचा, हा त्यांचा बाणा. "लहानाने अजून बघितलंय काय हो? त्याचं लग्न व्हायचंय, पोरंबाळं व्हायचीत. मोठ्याचं सगळं करून झालेलं असतं," हे ते इतक्या कळवळ्याने सांगतात की ऐकणाऱ्याला समुद्राच्या तळाशी कुणाची तरी लग्नपत्रिका छापून तयार असावी असं वाटतं. नियम इथल्या सरकारचाही आहे, पण सरकार माशांपाशी थांबतं. साडू थांबत नाहीत.

भेंडीचं टोक मोडून बघायचं, कट्कन मोडली तर घ्यायची, ही आपली पिढीजात रीत. साडू जी मोडत नाही ती घेतात. तिचं सगळं करून झालेलं असतं ना! माझी मेव्हणी ती भेंडी चिरताना विळीशी कुस्ती खेळते. एकदा त्यांच्या लेकीने वैतागून ताट सारलं आणि म्हणाली, "पप्पा, इट्स जस्ट अ भेंडी!" त्यावर साडूंनी तिला जे व्याख्यान दिलं त्यात तिची स्कूलबस चुकली. मी एकदा सहज विचारलं, "मग साडूभाऊ, अंडं कसं चालतं तुम्हाला?" झालं! दोन आठवडे त्या घरात ऑम्लेट बंद. शेवटी मेव्हणीने माझ्या बायकोला फोन करून सांगितलं, की तुझ्या नवऱ्याला आमच्याकडे बोलायचं नसेल तरच पाठव. दुबईतल्या देराच्या मासळीबाजारात तर त्यांना सगळे ओळखतात. एका विक्रेत्याच्या बर्फावरचा हमूर मासा उचलून ते म्हणाले, "यह बच्चा है." तो बिचारा हात जोडून म्हणाला, "हबीबी, यह मर गया है. अब बड़ा नहीं होगा." साडू गंभीरपणे म्हणाले, "यह नहीं होगा. इसका भाई होगा."

असा हा माणूस. पण मला सांगायचं आहे ते आमचे सासरे, अप्पा, इकडे आले तेव्हाचं. अप्पा वेंगुर्ल्याचे, निवृत्त पोस्टमास्तर. सासूबाई गेल्या आणि वर्षभरात ते वाळून काटकुळे झाले. डॉक्टरला काही सापडेना. जेवायला बसले की चार घास खायचे, "बस झालं" म्हणायचं आणि हात धुवायचा. मासा तर त्यांनी सासूबाईंच्या मागे तोंडात घातला नव्हता. दोघी बहिणींनी हट्टाने त्यांना महिनाभर अजमानला आणलं आणि आळीपाळीने रांधायला सुरुवात केली. सोलकढी झाली, वडे झाले, घावणे झाले. अप्पा प्रत्येकाला "छान" म्हणायचे आणि ताटात तसंच ठेवायचे. आम्हा दोघा जावयांशी ते अहोजाहोने आणि अगदी पोस्टाच्या पाटीवर असतं तसं शुद्ध मराठी बोलायचे. त्या शुद्ध मराठीने मला धडकी भरायची, कारण त्या आवाजात माणूस नव्हताच. माझी बायको रात्री उशीत तोंड खुपसून रडायची. हे असंच चाललं तर अप्पा पुढच्या वर्षी दिसणार नाहीत, हे आम्हा चौघांनाही कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

एके दिवशी साडूंनी जाहीर केलं, "अप्पांना होडीवर नेतो. स्वतः धरलेला मासा माणूस खातोच." पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी सुचवत होतं, म्हणून आम्ही सगळे त्या कल्पनेला लटकलो. निघताना मेव्हणी नवऱ्याला दाराशी गाठून म्हणाली, "आज अप्पांना जे काही मिळेल ते घरी आणायचं. बोटभर असलं तरी. आणि ती टेप इथे ठेवा." साडूंनी टेप काढून चपलांच्या कपाटावर ठेवली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसरी गाडीत असते हे मला ठाऊक नव्हतं.

मे लागला होता आणि पाण्यावरही ऊन चटके देत होतं. होडीवर आम्ही तिघं आणि केरळचा एक नाखवा. कितीतरी वेळ काहीच लागलं नाही. अप्पा गळ धरून बसले होते, पण त्यांचं लक्ष कुठेच नव्हतं. साडू घडोघडी त्यांना पाणी देत होते आणि अप्पा घडोघडी "धन्यवाद" म्हणत होते. मग अचानक अप्पांचा हात खाली खेचला गेला. ते दचकले, उभे राहिले, दोरी ओढू लागले आणि वर आली एक शेरी, इकडच्या पाण्यातली मासोळी. लहानशी, उन्हात चमकणारी, तडफडणारी. आणि अप्पा हसले! वर्षभरात मी त्यांचे दात पाहिले नव्हते. मला तर त्या माशाचा मुका घ्यावासा वाटला.

तेवढ्यात माझ्या मागे टेप सरकल्याचा आवाज आला.

"साडूभाऊ," मी दातांतल्या दातांत म्हणालो, "ठेवा ती खिशात."

"बघतो फक्त."

"बघू नका. डोळे मिटा."

त्यांनी मासा मापला. पुन्हा मापला. शेपूट सरळ करून तिसऱ्यांदा मापला. त्यांच्या कपाळावरचा घाम टेपवर ठिबकत होता. अप्पा बघत होते, नाखवा बघत होता, आणि मी मनातल्या मनात साडूंना समुद्रात ढकलून मोकळा झालो होतो. शेवटी ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अप्पा... दोन बोटं कमी आहे हो."

अप्पांचं हसू मावळलं. "नियम म्हणजे नियम," ते शुद्ध मराठीत म्हणाले, आपल्या हाताने शेरी पाण्यात सोडली, गळ खाली ठेवला आणि आमच्याकडे पाठ करून बसले. मी साडूंकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर आमचं साडूपण तिथेच संपलं असतं.

मग साडू इरेला पेटले. नाखव्याला म्हणाले, "यल्ला, आगे लो," आणि होडी खोल पाण्यात नेली. सुरमई लागली ती अशी की त्यांचे दोन्ही तळवे सोलून निघाले. मी मागून त्यांना धरलं, नाखव्याने आकडा टाकून तिला आत घेतलं. दोन हात लांब, गलेलठ्ठ सुरमई! टेपची गरजच नव्हती. "अप्पा, ही तुमची," साडू धापा टाकत म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकं आर्जव होतं की माझा राग निम्मा उतरला. नाखव्याने तिच्या डोक्यात घालायला दांडका उचलला.

"थांबा," अप्पा म्हणाले. ते पुढे आले, वाकले आणि तिच्या पोटावरून हात फिरवला. मग साडूंकडे बघून त्यांनी जे बोलायला सुरुवात केली ते शुद्ध मराठी नव्हतं, घरची मालवणी होती.

"ही पोटुशी आसा. ल्हान सोडूचां नि आवशीक मारूचां, ह्यो खयचो कायदो?"

लहान सोडायचं आणि त्याच्या आईला मारायचं! साडूंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तळलेली गाभोळी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. इतकी वर्षं लहानांचा कैवार घेणाऱ्या या माणसाने माशाची अंडी मिटक्या मारत खाल्ली होती आणि त्यात काही खटकतंय, हे ऑम्लेट बंद होतं तेव्हासुद्धा त्यांना किंवा आम्हाला सुचलं नव्हतं. ते सुरमईकडे बघत राहिले. "साब, यह भी छोड़ना?" नाखव्याने रडवेल्या आवाजात विचारलं.

साडूंनी तिला उचलून पाण्यात धरलं, पण ती आडवी झाली. सुरमई नाजूक, बाहेर फार टिकत नाही. साडू कमरेपर्यंत होडीबाहेर लोंबले, तिची शेपटी धरून तिला पाण्यात पुढेमागे करू लागले. मी त्यांचा पट्टा धरून ठेवला. तिचा कल्ला हलेना. "चल गो बाई, चल," अप्पा पुटपुटत होते. ही मेली तर तिच्याबरोबर आणखी काय काय बुडेल, या विचाराने मी साडूंचा पट्टा आणखी घट्ट आवळला. मग तिने एक झटका दिला, साडूंच्या तोंडावर पाणी उडवलं आणि ती गेली. ती खरंच पोटुशी होती, की अप्पांनी आपल्या शेरीचा सूड उगवला होता, हे ती आणि अप्पाच जाणोत.

घरी वाटण वाटून तयार होतं आणि तव्यात तेल. मेव्हणीने बर्फाची पेटी उघडली. आत बर्फ होता. त्यानंतर ती नवऱ्याला जे बोलली ते इथे लिहिण्याजोगं नाही. माझ्या वाट्यालाही थोडं आलं. शेवटी कुकर लावला आणि वरण, भात, पापड यावर सगळे मुकाट जेवायला बसले.

"मगे धरूचां तरी काय?" अप्पांनी एकदम विचारलं.

"मधले," साडू मान खाली घालून म्हणाले.

"मधलो म्हणजे खयचो? तुझ्यासारखो?"

"अप्पा, मी शास्त्राचं बोलतोय."

"आणि मधल्यांच्या घरी पोरां नसतत? अरे, धरूचां तर मुकाट धरूचां, नि खाऊचां तर खाऊचां! तुझी सासू अशीच. मी बाजारातसून पापलेट हाडलंय की म्हणायची ल्हान हाडल्यात, सुरमई हाडलंय की म्हणायची म्हातारी हाडल्यात. चाळीस वर्सां माझो एक मासो तिका पसंत पडलो नाय!"

साडूही पेटले. वाद वाढत गेला. अप्पा हातवारे करत होते, पापड मोडत होते, आणि बोलता बोलता त्यांनी ताट पुढे सरकवलं. "गो, भात वाढ."

मेव्हणीच्या हातातला डाव तसाच राहिला. माझी बायको उठून आत गेली. तिच्या डोळ्यांना पदर लागलेला मी पाहिला. अप्पांना भूक नव्हती असं नव्हतं, त्यांना जेवताना कुणी भांडायला उरलं नव्हतं. आणि आम्ही सगळे इतके दिवस त्यांच्याशी किती जपून, किती गोड बोलत होतो!

अप्पा आता वेंगुर्ल्याला एकटेच असतात. मासा ते अजूनही खात नाहीत. तिकडच्या जेवणवेळेला आमचे साडू कारखान्याच्या बाहेर, उन्हात तापलेल्या गाड्यांच्या मधोमध उभे राहून त्यांना फोन लावतात. परवा मी तिथे होतो. "अप्पा, शनिवारी एवढीशी शेरी मिळाली, ठेवून घेतली. तळून खाल्ली," साडू सांगत होते. पाइपात केसभर फरक असला तरी रात्री झोप न लागणारा हा माणूस बिनदिक्कत थापा मारत होता. शनिवारी ते माझ्याबरोबर बर दुबईला पडद्याचं कापड घेत होते. फोनमधून अप्पांचा आरडाओरडा मला चार हातांवर ऐकू येत होता. साडू शांतपणे शिव्या खात होते आणि मध्येच थांबून विचारत होते, "भात घेतलात?"

"घेतलंय," अप्पा तिकडून ओरडले. "तू विषय बदलू नको."