टोपीवाल्यांच्या सिस्टरबाई

आमच्या अक्कांच्या लेखी जगातला प्रत्येक जीव पेशंट असतो. ज्याला अजून तसं वाटत नाही, त्याची तपासणी व्हायची राहिलेली असते, एवढंच. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. देगलूरच्या अलीकडे एका तलावाकाठच्या गावात उपकेंद्रावर नर्स म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. नवरा लवकर गेला, लेक लातूरला मास्तरीण झाली, आणि निवृत्त झाल्यावर अक्का त्याच गावात दोन खोल्या बांधून राहिल्या. मी उदगीरहून महिन्यातून एखाद्या रविवारी जायचो. दारात पाऊल पडायच्या आत आवाज यायचा, "जयभीम पाव्हणं. जीभ दाखवा." जीभ दाखवल्याशिवाय पाणी मिळायचं नाही. माझ्या पुतण्याच्या लग्नात नवरीचे मामा मानपानावरून रुसून मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसले होते. दोन्हीकडची शहाणी माणसं हात जोडून दमली. अक्का गेल्या, काही न बोलता त्यांची नाडी धरली, पापणी खाली ओढून बघितली आणि पिशवीतली ओआरएसची पुडी तांब्यात ओतून त्यांच्या हातात दिली. मामांनी तांब्या रिकामा केला आणि उठून मांडवात आले. "रुसले नव्हते ते," अक्का मला म्हणाल्या, "उनानं सुकले होते. माणूस सुकला की त्याचा अपमान लई लवकर होतो."

गावातल्या चाळिशीच्या आतल्या बहुतेकांची नाळ अक्कांनीच कापलेली, त्यामुळे त्या कुणाला नावानं ओळखतच नसत. सरपंच कितीही कडक इस्त्रीचे कपडे घालून समोर आले तरी अक्कांसाठी ते 'पावणेदोन किलो'च होते. गिरणीवाला 'उलटा', ग्रामपंचायतीतली शिपाईबाई 'जुळ्यातली मागची'. तान्ही बाळं तोलायचा एक स्प्रिंगचा काटा त्यांनी स्वतःसाठी विकत घेतला होता. तो दारातल्या लिंबाला टांगलेला असे, आणि त्यावर वांगी, मांजराची पिलं, शेजारणीचं लोणचं असं सगळं तोललं जाई. एकदा मी उतरल्या उतरल्या त्यांनी माझी पिशवीच काट्याला अडकवली. "मागच्या खेपेपेक्षा कमी भरली," त्या म्हणाल्या आणि पिशवीकडे नव्हे, माझ्याकडे काळजीनं बघत राहिल्या.

पक्ष्यांचं प्रकरण सुरू झालं ते निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. तेव्हा तलावाचं पाणी मागं सरतं आणि गावच्या बाजूला वाळू आणि गाळाचा एक लांबोडका पट्टा उघडा पडतो. अक्का सकाळी तिथं चालायला जायच्या. एक दिवस डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा दिसणारा, पिवळ्या चोचीचा एक पांढुरका पक्षी वरून सूर मारून आला आणि त्यांच्या अंबाड्याला चोच मारून गेला. मग दुसरा आला. तिसऱ्यानं पदरावर शिटलं. दुसरी बाई पळाली असती. अक्का होत्या तिथं थांबल्या, कारण इतकी चिडचिड कोण करतं हे सगळ्या नोकरीनं त्यांना शिकवलं होतं. त्यांनी खाली बघितलं. चपलेपासून वीतभर अंतरावर, वाळूतल्या नुसत्या खळग्यात, वाळूच्याच रंगाची ठिपकेदार तीन अंडी होती. "ना काडी, ना कचरा," अक्का पुढं सांगायच्या. "उघड्यावर बाळंतपण, आन शेजारून टॅक्टर जाऊन रायले." नदी सुरय हे त्या पक्ष्याचं पुस्तकातलं नाव मी शोधून आणलं, पण अक्कांना ते पटलं नाही. त्यांनी त्यांना टोपीवाल्या म्हटलं, आणि गावात तेच रुजलं.

त्यानंतर अक्कांचं उपकेंद्र तलावाच्या काठावर सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. जाड पुठ्ठा कापून त्यांनी प्रत्येक घरट्याचं कार्ड केलं: पहिलं अंडं कधी, एकूण किती, पिलं कधीच्या सुमाराला. प्रत्येक घरट्यापासून चार हातांवर एक तुराटी रोवलेली, तिच्या टोकाला पांढऱ्या बँडेजची पट्टी, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याचा पाय पडू नये. बचत गटातल्या सहा-सात बायका पाळीपाळीनं कुत्री हाकायला बसू लागल्या. तलावात जाळं टाकणारा लचमन्ना अर्धं तेलगूत बोलायचा, आणि सुरुवातीला त्याचा या भानगडीला विरोध होता, कारण टोपीवाल्या मासे खातात. "किती खात्यात रे?" अक्कांनी विचारलं. "बारके बारके, अम्मा." "मग बाळंतिणीच्या ताटावर नजर ठेवू नये," अक्का म्हणाल्या. लचमन्नानं दुसऱ्या दिवसापासून जाळं पट्ट्याच्या लांबून टाकलं. तिथंच टिटव्याही अंडी घालत. टिटवीनं जितकी अंडी घातली तितके महिने पाऊस, असं आमच्याकडे मानतात, म्हणून शेतकरी येऊन अक्कांना आकडा विचारत. अक्का दर वर्षी गंभीर चेहऱ्यानं "चार" सांगत, आणि पाऊस तुडवला जाऊ नये म्हणून माणसं पट्ट्यावरून बैलसुद्धा नेत नसत.

अक्कांना सगळ्यात कौतुक होतं ते एका गोष्टीचं. भर उन्हात पक्षीण उठायची, पाण्याला पोट टेकवून पिसं भिजवायची आणि येऊन अंड्यांवर बसायची. "ताप चढला की ओल्या फडक्यानं पुसा, हे मी साऱ्या गावाला सांगून बेजार झाले," अक्का म्हणायच्या. "हिला कुणी सांगितलं?"

पुढं एका वर्षी पाणी लवकर सरलं. पाणी सरलेल्या गाळात पेरणी करायची, म्हणजे गाळपेर करायची, रीत आमच्याकडे जुनी. त्या वर्षी तो पट्टा रीतसर व्यंकटच्या वाट्याला आला. व्यंकट म्हणजे अक्कांच्या भाषेत 'गळ्याला वेढा': जन्मताना नाळ गळ्याभोवती गुंडाळलेली होती. आता तो अडतीस वर्षांचा, अंगानं भरलेला, कमी बोलणारा शेतकरी होता. तो आदल्या दिवशी सांगायला घरी आला तेव्हा मी तिथंच होतो.

"सिस्टर, उद्या नांगरून मका टाकतो. बारा जनावरं दावणीला हायेत, कडबा संपला."

"एकेचाळीस घरटी हायेत व्यंकट. तीन आठवडे दम धर."

"तीन आठवड्यांत गाळातली वल जाती. मग काय उगवंल? त्यांनी दुसरीकडं घालावी अंडी."

"कळा सुरू झालेल्या बाईला दुसऱ्या गावाला जा म्हणतो का कुणी?"

"बाईला न्हाई म्हणत. पाखराला म्हणून रायलो."

तो गेल्यावर अक्कांनी कार्डांचा गठ्ठा काढून परत मोजला. मग म्हणाल्या, "चूक न्हाई त्याची. बारा जनावरं बी उपाशी ठिवता येत न्हाईत. वरचा अर्धा नांगर, टोक सोड, आसं म्हणून बघते."

सकाळी आम्ही पट्ट्याच्या तोंडाशी जाऊन बसलो. अक्कांनी घरून खुर्ची, छत्री, चहाचा थर्मास आणि बीपीचं मशीन आणलं होतं. मशीनशिवाय त्या कुठंच जात नसत. कुत्री हाकणाऱ्या बायका दुपारच्या पाळीला यायच्या होत्या. नऊच्या सुमारास ट्रॅक्टर आला. व्यंकट उतरला, चालत आला आणि बोलायला लागला, पण बोलता बोलता त्यानं दोनदा मान चोळली. अक्का ऐकत नव्हत्या, बघत होत्या.

"डोकं दुखतंय का?"

"सकाळपासनं. ते ऱ्हाऊ द्या. मी काय म्हणून रायलो..."

"हात दे."

"सिस्टर, नाटक नको."

"हात दे म्हणते."

त्यानं चिडूनच हात पुढं केला. अक्कांनी पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली. परत भरली. मग दुसऱ्या हाताला बांधून तिसऱ्यांदा बघितलं. आकडा त्यांनी कुणाला सांगितला नाही. "डोळ्यानं नीट दिसून रायलं का?" असं मात्र विचारलं. "डाव्यानं जरा अंधुक हाय," व्यंकट म्हणाला. अक्कांनी मशीन बंद केलं.

"पाव्हणं, जीप बघा."

"नांगरून झालं की जातो," व्यंकट म्हणाला.

"नांगरायला तू ऱ्हायला पाहिजेस," अक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. व्यंकट खुर्चीत बसला.

जीप मिळाली. अक्कांशिवाय तो जाणार नव्हता आणि वाटेत काही झालं तर मी काही उपयोगाचा नव्हतो, म्हणून त्या मागं त्याच्याशेजारी बसल्या. लचमन्नाला हाक मारली, पण त्याची होडी पार पलीकडच्या काठाला होती. अक्कांचा फोन घाईत थर्मासशेजारी राहिला. माझ्या खिशात माझा फोन होता, पण गावात कुणाला तरी कळवावं हे मला देगलूर येईपर्यंत सुचलं नाही, आणि देगलूर आल्यावरही सुचलं नाही. डॉक्टरांनी व्यंकटला लगेच दाखल करून घेतलं. आणखी तासाभरानं आणला असता तर लकवा मारला असता, असं ते म्हणाले.

इकडं दहा वाजता व्यंकटचा धाकटा भाऊ न्याहारी घेऊन पट्ट्यावर आला. ट्रॅक्टर उभा, नांगर जोडलेला, चावी लावलेली, माणूस कुणी नाही. दादा डिझेल बघायला गेला असेल, असं त्याला वाटलं. तुराट्या त्याला दिसत होत्या, पण नांगरायचं दादानंच ठरवलं होतं. अक्कांशी काय बोलणं झालं ते व्यंकटनं त्याला सांगितलं नव्हतं. तो ट्रॅक्टरवर चढला आणि दादाचं काम करायला लागला. बायका दुपारी पोचल्या तेव्हा टोकाचा थोडा भाग सोडून सगळा पट्टा नांगरून झाला होता.

आम्ही दिवस मावळायच्या आत परतलो. टोपीवाल्या नांगराच्या तासांच्या वर घिरट्या घालून ओरडत होत्या. कुणावर सूर मारत नव्हत्या. धाकटा भाऊ हात जोडून उभा होता. "तुमचं बोलणं झालेलं मला ठावं नव्हतं, सिस्टर." अक्का म्हणाल्या, "ठावं नव्हतं तर तुझी चूक न्हाई. दादा बरा हाय. उद्यापासनं त्याच्या जेवणातलं मीठ कमी करा." मग त्या कार्डांचा गठ्ठा घेऊन तासांतून चालत टोकापर्यंत गेल्या. जिथं ट्रॅक्टर वळला नव्हता तिथं अकरा घरटी शिल्लक होती. त्या अकरा कार्डांना त्यांनी रबर लावलं. उरलेली तीस वेगळी ठेवली, फेकली नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी चहा केला. साखर घालायची राहिली होती. आम्ही दोघांनीही तो तसाच प्यायला. कप खाली ठेवून अक्का म्हणाल्या, "पेशंट आधी, पाव्हणं. त्यात विचार करायचा नसतो." मग कप उचलताना म्हणाल्या, "पण त्या बी पेशंटच होत्या."

व्यंकट पाचव्या दिवशी घरी आला. डॉक्टरांनी महिनाभर काम बंद सांगितलं होतं. तो रोज सकाळी टोकापासून लांब एक पोतं अंथरून बसायला लागला. कुत्री आली की उठायचा, हाकायचा, परत बसायचा. अकरापैकी नऊ घरट्यांत पिलं झाली. पुढच्या वर्षी त्यानं स्वतःहून पट्ट्याचा अर्धा भाग सोडून मका टाकला, पण त्या उन्हाळ्यात टोपीवाल्या थोड्याच आल्या. काठावर उभं राहून त्यानं अक्कांना विचारलं, "मागल्या सालचं आठवत आसंल का त्यांला?"

"आठवत आसंल," अक्का म्हणाल्या. "तरी बी आल्या."

आता अक्का लातूरला असतात. गुडघे गेले, लेकीनं ऐकलं नाही, तिसऱ्या मजल्यावर घर आहे. इमारतीच्या रखवालदाराचं बीपी आता काबूत आहे आणि खालच्या मजल्यावरच्या दोन सुनांना दिवस गेल्याचं अक्कांना त्यांच्या सासूआधी कळलं होतं. बाकी त्या फार बोलत नाहीत. मागच्या एप्रिलमध्ये मी भेटायला गेलो होतो तेव्हा व्यंकटचा फोन आला. "सिस्टर, ऐका," एवढंच म्हणून त्यानं फोन पट्ट्याकडं धरला असावा. अक्कांनी आवाज मोठा केला. आधी नुसता वारा ऐकू आला, लांब कुठं तरी इंजिन, मग त्या टोपीवाल्यांचं तेच कर्कश ओरडणं. अक्कांनी चष्मा काढला.

"मधी बारीक आवाज येऊन रायला. पिलं झाली का रे?"

"हाव. तीन घरांत. आज सकाळीच झाली."

"गोळी घेतली?"

"घेतो."

"आधी घेऊन ये. फोन तिथंच ठिव. मी हाय."

व्यंकटनं फोन बहुधा वाळूवर ठेवला असावा, कारण आवाज एकदम जवळ आले. तो गोळी घ्यायला घरी गेला की झाडाखालच्या पिशवीपर्यंत, कुणास ठाऊक. चांगली दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ अक्का खिडकीशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्या गुडघ्यांचं मला माहीत होतं, म्हणून मी खुर्ची पुढं केली. त्यांनी हातानंच थांबा म्हणून सांगितलं.