पिंजऱ्यातले बाप्पा

नीलकंठ मूळचा धारचा, संस्थानी कारकुनांच्या घरातला. नोकरी देवासला, औषधांच्या कारखान्यात. माणूस गरीब गाय. पण डोक्यात एकदा खूळ शिरलं, की त्याच्या बायकोनं, विद्युल्लतावहिनींनी, कपाळाला हातच लावावा! चौऱ्याऐंशी साली कुठल्याशा मासिकात त्यानं वाचलं, की डीएनएच्या धाग्यांच्या चौफुल्या जोडून म्हणे डोळ्याला दिसणार नाही इतक्या बारीक जाळ्या विणता येतील. झालं! तसा पिंजरा करायचा, त्यात औषध कोंडायचं आणि थेट दुखण्याच्या दारात नेऊन सोडायचं, असं तो कॉलनीभर सांगत सुटला. लोक पोट धरधरून हसले. ते त्याला फार लागलं.

म्हणून त्या वर्षी मंडळाच्या गणपतीची सजावट त्यानं मागून घेतली. बांबूच्या कांबी, सुतळीच्या चौफुल्या आणि आत औषधाच्या जागी साक्षात बाप्पा. आता प्रतिष्ठा झालेली मूर्ती हलवायची नाही, हा आपला रिवाज. तेव्हा या पठ्ठ्यानं पिंजरा मूर्तीभोवतीच विणला, पाटासकट.

अनंत चतुर्दशीला मंडळाचे अध्यक्ष भाऊ दुखरे गुडघे सावरत मूर्ती उचलायला आले. हात आत जाई, बाप्पा काही बाहेर येईनात. दार ठेवायचंच राहिलं होतं! भाऊंनी कोयता मागवला, तसा नीलकंठ आडवा आला. पिंजरा तुटला की औषधाची गोष्टही संपली. मग जन्मभर येडा म्हणवून घ्यायचं. वहिनीही पुढं झाल्या. बाप्पासमोर कोयता उगारलेला चालायचा नाही, म्हणाल्या. शेवटी भाऊ चिडून म्हणाले, न्या पिंजऱ्यासकट, पण पुढल्या वर्षापासून यानं फक्त नारळ फोडायचे.

मीठा तालाबात पिंजरा सोडला, तर तो मेला तरंगायलाच लागला. बाप्पा कमरेइतक्या पाण्यात, आणि बुडायचं नाव नाही. काठावर हशा पिकला. नीलकंठ पायरीवर मान खाली घालून बसला. त्याला रडूच आलं.

बाप्पा बुडेनात म्हणून पुन्हा एकदा आरती झाली, प्रसाद वाटून झाला, तोवर शाडू विरघळायला लागला होता. आधी पाय गेले, मग पोट, मग बाप्पा हळूच आत कलले. मातकट पाणी चौफुल्यांमधून निवांत बाहेर पडलं आणि रिकामा पिंजरा काठाला लागला. एकही गाठ सुटली नव्हती.

"अहो, दाराची गरजच पडली नाही," वहिनी म्हणाल्या.

आता कुणी हसेना. भाऊंनी पिंजरा उचलून उलटसुलट पाहिला आणि ते कण्हत नीलकंठाशेजारी टेकले.

"भिया, ते दवाईचं परत सांग बरं. माझ्या गुडघ्यापर्यंत पोचेल का?"