भिडस्त शत्रू

माझे काका पेशाने शत्रू होते. शस्त्र-संशोधन केंद्रात लागले ते शिपाई म्हणून; पण साहेबांच्या यंत्रासमोर मैदानात उभं राहायला कुणीतरी हवं होतं, आणि काकांना कुणालाच नाही म्हणता येत नसे. घरीसुद्धा काकू हाक मारायची, "अहो शत्रू, भाजी आणता ना?"

यंत्र म्हणजे कपाटाएवढा भोंगा. त्यातून कानाला ऐकू न येणारा आवाज सुटणार, समोरच्या सैनिकाला भोवळ येणार आणि रक्ताचा थेंब न सांडता लढाई जिंकायची. कागदावर सगळं चोख होतं. पहिल्या चाचणीला साहेबांनी बटण दाबलं, काकांना काहीएक झालं नाही. पण साहेबांचा चेहरा असा रडवेला झाला, की काका भिडेखातर आडवे झाले.

"माणूस एवढा राबतो, अन् आपण खांबासारखं उभं राहायचं? बरं दिसतं का ते?" असं त्यांनी घरी येऊन काकूला सांगितलं.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. पुढे दर चाचणीला पडणं आलं. थंडीत जमीन गार लागते म्हणून काका रेंगाळून पडत. साहेबांनी सिद्धांत मांडला, की थंड हवेत लहरी मंदावतात. चिखल असला की काका पडतच नसत. त्यावर साहेबांना परदेशात व्याख्यानाला बोलावलं. दुसरा माणूस उभा करून बघावं, असं एवढ्या विद्वानांत एकालाही सुचलं नाही. काकांचा अनुभव दांडगा होता ना!

मग सैन्यातल्या मुलाचा फोन आला. "बाबा, तुमच्याकडचं यंत्र आमच्या तुकडीला मिळतंय. परवाची चाचणी पार पडली, की आमच्या बंदुका काढून घेणार म्हणे."

काकांचा घास हातातच राहिला.

"आपल्या पोरापुढे जो येईल," काकू म्हणाली, "तो काही तुमच्यासारखा भिडस्त नसणार."

चाचणीच्या दिवशी मोठे अधिकारी मांडवात बसले. साहेबांनी बटण दाबलं. काका उभे. साहेबांनी जोर वाढवला. काका उभेच, गुडघे तेवढे सवयीने वाकू बघत होते. मला काकांचा अभिमान वाटतो तो त्या गुडघ्यांसाठी. शेवटी साहेब धापा टाकत मैदान ओलांडून आले.

"बरं नाही का तुम्हाला?"

"ठणठणीत आहे, साहेब."

"मग आज पडला का नाहीत?"

"मी कधीच पडलो नव्हतो, साहेब. आपणहून आडवा व्हायचो. तुम्हाला बरं वाटायचं. पण आता माझा पोरगा या यंत्रामागे उभा राहणार आहे."

साहेब मटकन खाली बसले. तोच मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. यंत्रासमोर माणूस पडला, एवढंच तिथून दिसलं होतं.

काकांनी त्यांचं बखोट धरलं. "उठा साहेब, पाया पडतो तुमच्या, उठा!"

साहेबांनी मांडवाकडे पाहिलं. मग काकांच्या खांद्याचा आधार घेऊन उठले. यंत्र चालूच होतं. दोघे त्याच्यासमोर उभे राहिले, टाळ्या थांबेपर्यंत.