आत्यासाठी लावलेला रिव्हर्ब

माझी आत्या अकोल्याच्या एका जुन्या चर्चमध्ये वर्षानुवर्षं ऑर्गन वाजवायची. पक्षाघाताचा झटका आला आणि तिचा डावा हात जड झाला. फिजिओथेरपीसाठी मी तिला अमरावतीला माझ्या घरी आणलं. व्यायामात मात्र तिचं मन लागेना. रबरी चेंडू हातात दिला की म्हणायची, "हे काय लहान लेकरावानी लावलं तुनं!"

मी कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. घरातल्या मागच्या खोलीत हौसेनं कॉम्प्युटरवरचा पाइप ऑर्गन उभा केला होता. एकावर एक दोन कीबोर्ड, खऱ्या ऑर्गनच्या नळ्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज आणि समोरच्या भिंतीला लावलेले स्पीकर. बासरीसारखे आवाज एका जोडीतून यायचे, तुतारीसारखे दुसऱ्या जोडीतून, खर्ज वेगळ्या मोठ्या स्पीकरमधून.

एका सकाळी आत्या आपणहून कीबोर्डवर बसली. भजनाची पहिली ओळ वाजवून थांबली.

"काहून वं, बोट उचललं का आवाज मरून जाते?"

तिचं बरोबर होतं. हे आवाज नळ्यांच्या अगदी जवळून टिपलेले; त्यांत सभागृहाचं घुमणं नव्हतंच. शिवाय तिचं डावं बोट पुढच्या पट्टीवर उशिरा पोचायचं. मधल्या त्या शांततेत तिला आपला हात ऐकू येत होता. ती उठून गेली.

घुमणं म्हणजे रिव्हर्ब. मी तो सगळ्या स्पीकरांना भरपूर लावून टाकला. दुसऱ्या दिवशी तिनं दोन सूर वाजवले आणि हसली. "पोरी, हे चर्च नोय, विहीर हाय! अन् ऑर्गन कोणीकडं हाय, तेच समजून नाही राहिलं."

"मग अकोल्याला कसं ऐकू येतं?"

तिनं डोळे मिटले. "आवाज समोरूनच निंघते. मांगच्या भिंतीले लागते अन् जरासा उशिरा वापस येते."

मला हवं ते मिळालं. समोरच्या स्पीकरांचा रिव्हर्ब मी काढून टाकला. मागे दोन नवे लावले आणि रिव्हर्ब फक्त त्यांतून सोडला, तोही किंचित उशिरानं. खर्जाला जवळजवळ दिलाच नाही. खर्ज घुमला की सगळे सूर एकमेकांत मिसळून जात होते.

आत्या वाजवायला बसली. बोट उशिरा पडलं, पण आधीचा सूर तोवर हवेत होता. दुसरं पडलं. ओळ तुटली नाही. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि मी जागची हलले नाही. भजन संपलं तेव्हा ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अजून एकदा."

मग रोजच सुरू झालं. चेंडूही ती न सांगता दाबू लागली. काही आठवड्यांनी म्हणाली, "ते घुमणं कमी कर थोडं. मले माह्यं बोट ऐकू येऊ दे." मी कमी केलं. पुढे आणखी कमी करायला लावलं.

शेवटी एका रविवारी आम्ही अकोल्याला तिच्या चर्चमध्ये गेलो. तिनं एकच भजन वाजवलं. डावा हात दोनदा मागे राहिला. गाणारी माणसं तिच्यासाठी थांबली, तिच्या लयीनं पुढे गेली. बाहेर पडताना तिनं माझा दंड धरला.

"पुढच्या रविवारी दोन वाजवीन," ती म्हणाली.