तिच्या नावची चिठ्ठी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच, कारण त्यात तिचा मामा आहे.

मी आता पुलगावला दवाखाना चालवतो. सर्दी-खोकला, बीपी, शुगर, लेकरांचे जुलाब. त्याआधी काही वर्षं जिल्ह्यातल्याच एका मोठ्या दवाखान्यात कॅज्युअल्टीला होतो. तिथे आमच्या विभागप्रमुख मॅडम एक अभ्यास करत होत्या. छातीत दुखतं म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांच्या हृदयाला काही झालेलं नसतं. पण कोणाच्या, हे आल्या आल्या सांगणं अवघड. ईसीजी सरळ निघतो, रक्ताची तपासणी ठीक येते, आणि तरी एखाद्याच्या आत काहीतरी सुरू झालेलं असतं. रक्तात ते दिसायला वेळ लागतो. मग सगळ्यांना रात्रभर ठेवून पुन्हा रक्त तपासायचं, की धोका कमी दिसतो त्यांना संध्याकाळी घरी सोडायचं आणि सकाळी फोनवर विचारपूस करायची? वॉर्डात तेव्हा माणसं दोन खाटांच्या मध्ये सतरंजी टाकून झोपत होती. प्रश्न खराच होता. उत्तर आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून तर पाकिटं होती.

बंद पाकिटं, एकावर एक रचलेली. रुग्ण हो म्हणाला की वरचं फोडायचं. आत 'मुक्काम' नाहीतर 'घरी'. जे निघेल ते. मॅडम बजावून सांगायच्या, "इथं आपली अक्कल चालवायची नाही. आपल्याला वाटतं तसं वाटून दिलं, तर शेवटी आपल्याला जे वाटत होतं तेच कळणार."

त्या दुपारी नाचणगावहून बायकोचे मामा आले, मागे मामी. पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोतून निवृत्त झालेले, आवाज अजून परेडचा.

"जवाईबापू, छातीत जळून राह्यलं. पाहा बरं."

"जळन नाई तं काय," मामी म्हणाल्या. "काल बारशात भज्यायचं ताट एकट्यानं संपोलं. मी म्हणलं, पाहुण्यायलेही ठेवा दोन."

"तू गप. डाक्टर हायेस का तू?"

ईसीजी, रक्त, सगळं ठीक. अभ्यासाबद्दल सांगितलं तर म्हणाले, "टाका नाव. जवायाच्या कामी नाई येणार तं कोणाच्या?"

शेजारच्या बाकावर ती बसली होती. आर्वी रस्त्यावरून आत गोंडांचा एक टोला आहे, पाचपंचवीस घरांची वस्ती, तिथली. वय माझ्याच आसपासचं. सोबत सून. कापूस वेचताना छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं होतं, डावा हात भरून आला होता, बसल्यावर उतरलं. तिचाही ईसीजी सरळ, तिचंही रक्त ठीक. वय, लक्षणं, तपासण्या यांना गुण देऊन आम्ही धोका ठरवायचो; त्या गुणांनी दोघेही कमी धोक्याचेच. पण तिची हकीकत मामांच्या हकीकतीपेक्षा काळजीची होती. ते मला तेव्हाही कळत होतं.

तिला मी समजावून सांगितलं. ठेवणं बरं की सोडणं बरं, आम्हालाच माहीत नाही, म्हणून चिठ्ठी.

"सरपंचाले काढतेत तशी? ईश्वरचिठ्ठी?"

"तशीच."

"मंग ठीक हाय. तिच्यात लहान-मोठा नसते," ती म्हणाली, आणि अंगठा दिला.

टेबलाशी येऊन मी वरचं पाकीट फोडलं. मामांची नोंद आधी झाली होती, तेव्हा ते मामांचं. आत 'घरी'. बाकावरून मामांचा आवाज येत होता. मामींना सांगत होते, पण ऐकवत मला होते: "घरी धाडलं तं गावात काय सांगू? जवाई डाक्टर, अन् मामसासऱ्याले एक रात्र खाट नाई भेटली? लोकं हासतीन." मामी म्हणाल्या, "अन् रातच्याले खरंच काही झालं तं आपल्या पोरीले काय तोंड दाखवतीन जवाईबापू?"

मी पुढचं, म्हणजे तिचं, पाकीट फोडलं. 'मुक्काम'.

दोन्ही कागदांवर अजून नाव नव्हतं. मी नावं लिहिली.

मामांना अभ्यासातून काढून सरळ भरती करता आलं असतं. तशी मुभा होती. फक्त कारण लिहावं लागलं असतं, आणि 'बायकोचे मामा आहेत' हे मॅडमच्या नजरेला पडेल याची मला लाज वाटली. एवढ्याशा लाजेपायी केलं. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

तिला सांगितलं, "तुमची चिठ्ठी घरची निघाली. काही नाही, जा बिनधास्त. सकाळी फोन येईल." तिचा चेहरा उजळला. "बरं झालं बाप्पा, घरी बकऱ्या हायेत," म्हणाली. सून तिला धरू लागली तर हात झटकून म्हणाली, "काऊन धरतं वं? डाक्टर काही नाई म्हणते ना?" दारातून वळून तिने मला हात जोडले. मी दुसरीकडे पाहिलं.

मामांची रात्र मजेत गेली. शेजारच्या खाटेवरच्याला त्यांनी डेपोच्या गोष्टी सांगितल्या. पुन्हा काढलेलं रक्तही ठीक आलं.

सकाळी सिस्टरने तिला फोन केला. "बरं हाय," ती म्हणाली. छातीत तेव्हा कळ सुरू झालेली होती. संध्याकाळी आणली तेव्हा अंग घामाने थबथबलेलं. ईसीजी पाहायला डॉक्टरसुद्धा लागला नसता. ड्युटी माझीच होती. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मीच दिलं, जवळून हललो नाही. ती वाचली. पण हृदयाचा एक भाग गेला तो गेलाच.

"सकाळी फोनवर सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तुमीच तं म्हणले होते काही नाई म्हणून," ती म्हणाली. "म्हणलं, मोठ्या दवाखान्याच्या डाक्टरले काय कमी समजते? माह्यंच मन खोटं असन."

मी तिला नुसतं घरी पाठवलं नव्हतं. तिच्या दुखण्यावरचा तिचा विश्वासही काढून घेतला होता.

चौकशी झाली. समितीने कागद पाहिले. सगळं नियमात बसत होतं. चिठ्ठीत 'घरी' निघालं होतं, त्याप्रमाणे घरी पाठवलं होतं. एका सरांनी पाठीवर हात ठेवला, "चिठ्ठीपुढे तू काय करणार?" मी मान हलवली. मॅडम मात्र आतून खचल्या. गुणांची पद्धत त्यांनीच बसवली होती. एकदा चहा पिताना म्हणाल्या, "या बाईला कमी धोक्याची ठरवलं तेव्हाच माझं चुकलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर ठेवून घेतली असती." तेव्हा बोलायला हवं होतं. चिठ्ठीने तिला ठेवूनच घेतलं होतं, मॅडम. मी चहा संपवला, आणि त्यांच्या कपाची बशीही उचलून ठेवली. पुढे तो अभ्यास त्यांनी आवरता घेतला. नंतर दवाखाना सोडताना मी कारण दिलं, घराजवळ राहायचं आहे.

रात्री पुन्हा रक्त काढलं असतं तर त्यात दिसलं असतं का? बहुतेक दिसलं असतं. खात्रीने सांगता येत नाही, आणि या 'खात्री नाही'च्या आडोशाला मी बरीच वर्षं राहिलो.

ती माझ्याकडे येते. हीच गोष्ट सहन होत नाही. मी पुलगावला बसतो हे कुठून तरी कळलं, तेव्हापासून गोळ्यांसाठी बसने येते. पायरी चढून आली की बाकावर बसून आधी दम खाते. कापूस वेचणं सुटलं, बकऱ्या सुनेकडे गेल्या. येताना पदरात काही ना काही असतं, कधी तुरीच्या शेंगा, कधी अंबाडीची भाजी. मागल्या खेपेला बाकावरच्या बायांना सांगत होती, "याच डाक्टरच्या हातानं वाचली मी. माह्या नशिबातच होतं ते, चिठ्ठीच तशी निघाली. पण हे माणूस रातभर माह्या खाटेपासून हाललं नाई."

मी आत रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळत होतो. तो पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला.

मामा अजून खणखणीत आहेत. लग्नाकार्यात पंगतीला बसले की मला दाखवून म्हणतात, "हे आमचे जवाई. गॅस झाला तं मले रातभर खाटेवर ठेवलं! असा जवाई पाह्यजे." लोक हसतात. बायकोला बरं वाटतं. मी भात कालवत राहतो.

हे लिहून काढलं तर हलकं वाटेल, असं वाटलं होतं. पण मॅडमच्या हाती हे कधी पडेल, न पडेल. आणि तिला वाचता येत नाही. तिच्या लेखी मी अजून तिला वाचवणारा आहे, आणि दोष तिच्या नशिबाचा. मी इथे कितीही लिहिलं तरी त्यातलं काही बदलत नाही.

मॅडमना सांगायचं आहे की तुमचं चुकलं नव्हतं. आणि त्याआधी टोल्यावर जाऊन, सुनेला शेजारी बसवून, तिला सांगायचं आहे: चिठ्ठी तुमच्या बाजूने निघाली होती, ती मी माझ्या माणसाला दिली. हे मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.